आठवत नाही, पण येतं: एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि स्मृती गेलेली माणसं

तिरफळ

स्मृतीचा विषय निघाला की हेन्री मोलेसन येतोच. अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली, झटके कमी झाले आणि त्यानंतर नवीन काही लक्षात राहीना, ही गोष्ट इथे दोन-तीन धाग्यांत येऊन गेली आहे. आज लिहायचंय ते त्याच काळात लंडनमध्ये काम करणाऱ्या एका बाईंबद्दल. त्यांचं नाव मराठीत माझ्या फारसं वाचनात आलेलं नाही. एलिझाबेथ वॉरिंग्टन. क्वीन स्क्वेअरच्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये त्यांची सगळी कारकीर्द गेली आणि १९८६ साली त्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या.

काम कसं चाले? पक्षाघात, गाठ, मेंदूज्वर, अपघात असे रुग्ण वॉर्डात असत आणि न्यूरॉलॉजिस्ट त्यांना वॉरिंग्टनबाईंकडे पाठवत. सीटी स्कॅनवर पहिला रुग्ण तपासला गेला तो १९७१ मध्ये. त्याआधी जिवंत माणसाच्या मेंदूत नेमकी कुठे इजा झाली आहे याचा अंदाज बांधायला त्याला काय जमतं आणि काय जमत नाही हे बारकाईनं बघणं, हा एक मोठा आधार होता. त्यामुळे चाचण्या बनवण्यात बाईंचा हात बसला. मला त्यांचं सगळ्यात मोठं कर्तृत्व तिथेच दिसतं: प्रश्न कसा विचारायचा हे त्यांना कळत होतं.

१९६० च्या दशकात एक कोडं होतं. माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी दाखवून दिलं होतं की दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (मेंदूच्या आतल्या बाजूचा, आठवणींशी निगडित भाग) आणि आजूबाजूचा भाग गेला की माणसाची नवी आठवण तयार होणं थांबतं. पण माकडांचा तोच भाग काढला तरी ती बऱ्याच गोष्टी बिनदिक्कत शिकत होती. लॉरेन्स वाइस्क्रांट्झ माकडांवर काम करत, वॉरिंग्टनबाई माणसांवर. माकडाला "काल काय दाखवलं ते आठवतंय का?" असं कुणी विचारत नाही. त्याच्यापुढे वस्तू ठेवायच्या आणि ते काय करतं ते बघायचं. मग माणसालाही तसंच तपासलं तर?

त्यांनी गोलिन यांच्या तुटक चित्रांची पद्धत वापरली. हत्तीचं चित्र घ्या. पहिल्या पानावर त्याच्या फक्त चार-दोन तुटक रेघा, काहीच कळत नाही. पुढच्या पानावर थोड्या जास्त. असं करत शेवटी पूर्ण हत्ती. रुग्णानं ओळखेपर्यंत पानं उलटत जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. स्मृती गेलेल्या रुग्णांनी आदल्या दिवशी असं काही झाल्याचंच नाकारलं, पण हत्ती मात्र त्यांना आदल्यापेक्षा कमी रेघांत ओळखता आला. हे १९६८ साली 'नेचर'मध्ये आलं. १९७० मध्ये त्यांनी एकाच प्रकारच्या शब्दांची चार तऱ्हांनी परीक्षा घेतली. आठवून सांगा, यादीतले ओळखा, तुटक अक्षरांवरून वाचा, आणि सुरुवातीची अक्षरं दिली आहेत त्यावरून शब्द पुरा करा. पहिल्या दोनांत रुग्ण सपशेल मागे. उरलेल्या दोनांत ते निरोगी माणसांच्या बरोबरीनं.

मराठीत कल्पना करा. यादीत 'पायरी' शब्द दाखवला. थोड्या वेळानं विचारलं, "यादीत काय काय होतं?" उत्तर: "कुठली यादी?" आता नुसतं 'पा' लिहून म्हटलं, "सुचेल तो शब्द बोला." एरवी कुणीही 'पाणी' म्हणेल. हा माणूस 'पायरी' म्हणतो, आणि का म्हटलं ते त्यालाही सांगता येत नाही.

गंमत पुढे आहे. या निकालाचा बाईंनी आणि वाइस्क्रांट्झ यांनी लावलेला पहिला अर्थ आज कुणी तसाच धरत नाही. आठवण साठवलेली असते, फक्त बाहेर काढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८४ मध्ये ग्राफ, स्क्वायर आणि मँडलर यांनी हीच अक्षरं देऊन फक्त सूचना बदलली. "या अक्षरांच्या मदतीनं यादीतला शब्द आठवा" म्हटलं की रुग्ण मागे पडले. "पहिला सुचेल तो शब्द बोला" म्हटलं की बरोबरीनं आले. अक्षरं तीच, शब्द तेच. म्हणजे जाणीवपूर्वक आठवणं आणि नकळत उमटलेला ठसा या दोन निरनिराळ्या गोष्टी निघाल्या. अर्थ बदलला, पण निरीक्षण पन्नास वर्षं टिकून आहे.

दृष्टी आणि वस्तूंच्या ज्ञानावरही त्यांचं तेवढंच काम आहे. कुणाला रस असेल तर प्रतिसादांत लिहीन.

पिंपळपान

वा, मस्त सुरुवात. वाचनखूण साठवली. दृष्टीवरचंही येऊ द्या.

खाऊगल्ली

आमच्या घरी एक रुग्ण आहे. लाइट बिल भरायचं आठवत नाही, पण सासुरवाडीला १९९८ साली मानपान नीट झाला नव्हता हे आठवतं. याला काय म्हणतात?

अबोली_

खाऊगल्ली, याला नवरा म्हणतात.

माँट्रियलकर

इकडच्या बाजूनं थोडी भर. ब्रेंडा मिल्नर मूळच्या मँचेस्टरच्या, जन्म १९१८. केंब्रिजला शिकल्या आणि १९४४ मध्ये इथे आल्या. मॅकगिलमध्ये डोनाल्ड हेब यांच्याकडे पीएचडी केली आणि मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांच्या रुग्णांवर काम सुरू केलं. २०१४ चा काव्हली पुरस्कार मिळाला तेव्हा वय ९६, आणि पुढे शंभरीही ओलांडली.

मोलेसन त्यांच्याकडे कसा आला हे फारसं कुणी सांगत नाही. पेनफील्ड अपस्मारासाठी एकाच बाजूचा टेम्पोरल भाग (कानाजवळचा मेंदूचा भाग) काढत. बहुतेकांना विशेष त्रास होत नसे. पण दोन रुग्णांची नवी स्मृती पार गेली. त्यातला एक इंजिनीयर होता, संशोधनात पी. बी. या नावानं येतो. एकच बाजू काढली असताना असं का व्हावं? मिल्नर आणि पेनफील्ड यांनी तर्क केला की दुसऱ्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आधीपासूनच निकामी असणार. १९५५ मध्ये शिकागोच्या परिषदेसाठी त्यांनी हे मांडलं. ते वाचून अमेरिकेतल्या हार्टफर्डचे शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी पेनफील्डना कळवलं की माझ्याकडेही असा एक रुग्ण आहे. तो मोलेसन. शस्त्रक्रिया २५ ऑगस्ट १९५३ ची, वय २७. पुढे पी. बी. वारला तेव्हा शवविच्छेदनात उजवा हिप्पोकॅम्पस खरंच आक्रसलेला निघाला. तर्क खरा ठरायला बरीच वर्षं लागली.

आणखी एक. १९६२ मध्ये मिल्नर यांनी मोलेसनला आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली. तीन दिवसांत हात अगदी सफाईनं चालू लागला, आणि दर दिवशी त्याच्या लेखी ते पहिल्यांदाच करणं होतं. तिरफळ यांनी सांगितलेल्या हत्तीच्या आधीची ही गोष्ट. पण तेव्हा लोक म्हणाले, ठीक आहे, हाताचं कसब वेगळं असेल. शब्द आणि चित्रांतही तेच दिसतं हे दाखवलं लंडननं.

सरळरेघ

लेख चांगला आहे. पण माझा जुना आक्षेप इथेही आहे. एक मोलेसन, एक पी. बी., एक अमुक. इतक्या थोड्या माणसांवरून 'मेंदू असा चालतो' असे म्हणणे मला अभियंता म्हणून पटत नाही. एका कारखान्यातला एक बिघडलेला पंप बघून मी पंपांचे शास्त्र लिहिणार नाही. शिवाय मोलेसनला लहानपणापासून झटके येत होते. त्याचा मेंदू आधी तरी सर्वसाधारण होता का?

तिरफळ

सरळरेघ, आक्षेप रास्त आहे आणि या क्षेत्रातल्या लोकांनीच तो जास्त जोरात घेतलेला आहे. पण दावा काय आहे त्यावर ते अवलंबून असतं.

१९६८ मध्ये अ‍ॅटकिन्सन आणि शिफ्रिन यांचं प्रारूप सगळीकडे गाजत होतं. माहिती आधी अल्पकालीन कप्प्यात येते आणि तिथूनच पुढे दीर्घकालीन कप्प्यात जाते. त्याच सुमारास वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांच्याकडे के. एफ. नावानं ओळखला जाणारा तरुण आला. पोरसवदा वयात मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला होता. ऐकलेला एखादा-दुसरा आकडाच त्याला परत म्हणता येई, एरवी आपण सहा-सात सहज म्हणतो. प्रारूपाप्रमाणे याला काहीच शिकता यायला नको. पण शब्दांच्या जोड्या तो नेहमीसारखा शिकला आणि त्या टिकल्याही. म्हणजे सगळी माहिती याच एका दारातून जाते हे म्हणणं कोसळलं. त्याच्या बरोबर उलट मोलेसन: आकडे ऐकून लगेच म्हणणार ठीकठाक, पण लक्ष दुसरीकडे वळलं की संपलं. ५८४ हा आकडा त्यानं मनात काहीतरी हिशेब घोळवत पंधरा मिनिटं धरून ठेवला होता, आणि विषय बदलल्याबरोबर आपण आकडा धरला होता हेही विसरला.

'सगळं इथूनच जातं' याला खोटं पाडायला एक नीट तपासलेला माणूस पुरतो. 'हे काम मेंदूच्या अमुक घन सेंटिमीटरमध्ये होतं' असं म्हणायचं असेल तर एक माणूस अजिबात पुरत नाही. मोलेसनचंच बघा. स्कोव्हिल यांनी आठ सेंटिमीटरपर्यंत भाग काढल्याचं लिहिलं होतं. १९९७ च्या एमआरआयमध्ये ते पाचच्या आसपास निघालं. हिप्पोकॅम्पसचा मागचा तुकडा जागेवरच होता. चाळीस वर्षं पाठ्यपुस्तकं 'पूर्ण काढला' असं छापत होती.

निशाचर

मला नेहमी प्रश्न पडतो, हेन्रीला हे मान्य होतं का? शस्त्रक्रियाही आणि नंतरची पन्नास वर्षांची तपासणीही.

माँट्रियलकर

शस्त्रक्रियेबद्दल: स्कोव्हिल यांनी १९५७ च्या लेखात ती प्रायोगिक होती असं स्वतःच लिहिलंय, आणि असं कुणी करू नका हेही नंतर सांगत फिरले. तपासणीबद्दल: रोज नव्यानं विचारलं तरी तो हसतमुखानं हो म्हणायचा, असं त्याच्यासोबत दशकानुदशकं काम केलेल्या सुझान कॉर्किन यांनी लिहिलं आहे. पण काल काय केलं हे ज्याला आठवत नाही त्याच्या होकाराला किती वजन द्यायचं? मला तरी ते पचत नाही. २००८ मध्ये तो गेल्यावर मेंदूचे २४०१ काप केले, तेही सॅन डिएगोहून थेट इंटरनेटवर दाखवत.

गोदाकाठ

मी इथे फक्त वाचत असते, पण हा धागा बघून लिहिते आहे. माझ्या सासऱ्यांना मार्चमध्ये पक्षाघात झाला. मेंदूची उजवी बाजू, डावा हात-पाय कमजोर. आता काठी घेऊन चालतात. बोलणं स्वच्छ, आठवण तल्लख, ज्ञानेश्वरीच्या ओव्या घडाघडा म्हणतात. पण ताटातलं फक्त उजव्या बाजूचं जेवतात. डावीकडे वाढलेली चटणी-कोशिंबीर तशीच राहते, आणि वर "चटणीच वाढली नाहीस" म्हणतात. दाढी अर्धी करतात. डाव्या बाजूनं कुणी हाक मारली तर उजवीकडे बघतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर ठीक सांगितली. सासूबाई म्हणतात हट्टीपणा आहे, पहिल्यापासून तसेच आहेत. हा दृष्टीचाच प्रकार का?

दवबिंदू

गोदाकाठ ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हा हट्ट नाही हे आधी सासूबाईंना सांगा. मेंदूच्या उजव्या पॅरायटल भागाला (वरच्या-मागच्या बाजूला) इजा झाली की असं दिसतं. डोळ्याला दिसत असतं, पण लक्ष डावीकडे जातच नाही. आणि जात नाही हे त्यांना जाणवतही नाही, म्हणून ते तुमच्यावर रागावतात. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना हे ताटाचं वगैरे जसंच्या तसं सांगा. बोलणं चांगलं असलं की दहा मिनिटांच्या तपासणीत हे निसटू शकतं.

घरी करण्यासारखं: पाण्याचा तांब्या, बेल, फोन या गरजेच्या आणि सुरक्षिततेच्या वस्तू सध्या उजवीकडेच ठेवा. सरावाच्या वेळी मात्र डावीकडे लक्ष ओढायचं. ताटाच्या, पुस्तकाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा आणि "लाल दिसेपर्यंत मान वळवा" असं शिकवा. ओळ वाचायला घेताना आधी लाल, मग शब्द. गप्पा मारणाऱ्यांनी आधी समोर बसावं, मग हळूहळू डावीकडे सरकावं. रस्त्यावर एकटं सोडू नका. डावीकडून येणारी रिक्षा त्यांच्या लेखी नसतेच. स्वयंपाकघरात गॅसजवळही तेच.

तिरफळ

गोदाकाठ, दवबिंदू यांनी सांगितलं ते महत्त्वाचं, माझं नुसतं पुस्तकी. पण हा विषय बघणं आणि आठवणं यांच्या बरोबर सांध्यावर आहे. १९७८ मध्ये मिलानच्या बिझियाक आणि लुझाटी यांनी अशा दोन रुग्णांना डोळ्यांपुढे काही न ठेवता सांगितलं: तुम्ही कॅथीड्रलसमोरच्या चौकाच्या पलीकडच्या टोकाला, कॅथीड्रलकडे तोंड करून उभे आहात. काय काय दिसतंय? दोघंही मिलानचेच, चौक पाठ. त्यांनी फक्त उजव्या हाताच्या इमारती, दुकानं सांगितली. मग म्हटलं, आता कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहा आणि चौकाकडे बघा. मघाशी गाळलेल्या इमारती आता उजव्या हाताला आल्या आणि त्या भराभर सांगितल्या गेल्या. आधी सांगितलेल्या गायब. आठवण पूर्ण होती. आठवणीतल्या चौकाचीही डावी बाजू सुटत होती.

गोदाकाठ

तिरफळ, काल संध्याकाळी करून बघितलं. सासऱ्यांना म्हटलं, गावातल्या आपल्या वाड्यातून निघून मारुतीच्या देवळापर्यंत चाललाय, काय काय लागतं सांगा. दोन्ही बाजू सांगितल्या! डावीकडचं पिठाच्या गिरणीवाल्याचं घर, उजवीकडचं सोनाराचं दुकान, कोण कुणाचा साडू हेही. उलट यायला सांगितलं तरी तेच. आणि रात्री ताट मात्र पुन्हा अर्धंच. म्हणजे दवबिंदू ताई म्हणतात तो प्रकार नसेल का?

दवबिंदू

तसं नाही. डोळ्यांपुढची डावी बाजू सुटणं आणि मनातली डावी बाजू सुटणं हे दोन्ही एकाच माणसात असलंच पाहिजे असं नाही. एक आहे आणि दुसरं नाही असे दोन्ही प्रकारचे रुग्ण नंतर नोंदले गेले आहेत. तुमच्या सासऱ्यांची मनातली गल्ली शाबूत आहे ही चांगली बातमी. तिचा उपयोग करता येईल: ताट समोर आलं की "चटणी कुठे वाढतात?" असं त्यांनाच विचारा. डावीकडे वाढतात हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. त्या ज्ञानानं मान वळते का बघा. फक्त घरी रोज परीक्षा घेऊ नका, माणूस कातावतो.

सरळरेघ

हे मात्र पटले. इतके सगळे एका ताटावरून कळते हे माहीत नव्हते. तिरफळ, मूळ लेखात दृष्टीवरचे काम म्हणालात ते राहिले.

तिरफळ

हो, लिहिते. १९७३ मध्ये वॉरिंग्टन आणि टेलर यांनी रोजच्या वस्तूंचे दोन-दोन फोटो काढले. एक नेहमीच्या कोनातून, एक विचित्र कोनातून. बादली बाजूनं आणि बादली थेट वरून. उजव्या पॅरायटल भागाची इजा असलेल्यांना पहिला फोटो सहज ओळखता आला, दुसऱ्यात मात्र ते अडखळले. नजर ठीक, बादली काय असते हे ज्ञानही ठीक. मधली एक पायरी गेलेली: वेगळ्या दिसणाऱ्या दोन आकृती एकाच वस्तूच्या आहेत हे जुळवणं.

आणि मग १९७४ चा, डी. बी. या नावानं नोंदलेला रुग्ण. यात वाइस्क्रांट्झ मुख्य, वॉरिंग्टनही सोबत. शस्त्रक्रियेत त्याचा उजवा दृष्टिभाग काढावा लागला आणि डाव्या अर्ध्यात त्याला काही दिसेना. त्याला म्हणाले, दिसत नाही हे मान्य, पण ठिपका कुठे आहे ते अंदाजानं बोटानं दाखव. रेघ उभी की आडवी, अंदाज कर. अंदाज बहुतांशी बरोबर. निकाल सांगितल्यावर तो स्वतःच चकित झाला. पुन्हा बघा, "काय दिसतं?" विचारलं तर उत्तर "काही नाही". "अंदाज कर" म्हटलं की मेंदूला दिसलेलं बाहेर येतं. 'पायरी'चीच गोष्ट.

सरळरेघ तुम्ही विचारायच्या आधीच सांगते: उजेड पसरून चांगल्या अर्ध्यात जात असेल, असा आक्षेप १९८३ मध्ये जोरात घेतला गेला. त्यावरची युक्ती मला फार आवडते. प्रत्येक डोळ्यात नैसर्गिक अंध बिंदू असतो, जिथून नस बाहेर पडते. तिथे उजेड टिपणाऱ्या पेशीच नाहीत. डी. बी.च्या त्या बिंदूवर ठिपका टाकला तेव्हा त्याचे अंदाज चुकले, त्याच्या शेजारी टाकला तेव्हा बरोबर आले. पसरलेल्या उजेडाची करामत असती तर दोन्हीकडे सारखंच जमायला हवं होतं.

सरळरेघ

हे आवडले. असा पुरावा असेल तर एक माणूस चालेल.

मी_नांदेडकर

थोडं अवांतर. भाच्याचा बाइकवरून अपघात झाला, हेल्मेट नव्हतं. आता ठीक आहे, कामावरही जातो. पण ऑफिसातून निघाल्यापासून दवाखान्यात जाग येईपर्यंतचं काहीच आठवत नाही. परत येईल का?

दवबिंदू

अपघातानंतरचा गोंधळलेला काळ किती लांबला यावरून इजेची तीव्रता ठरवायची पद्धत १९४० च्या दशकापासून आहे. रिची रसेल या डॉक्टरांनी युद्धातल्या आणि अपघातातल्या डोक्याच्या जखमांवर हे काम केलं. भाच्याच्या डॉक्टरांना तो काळ तास होता की दिवस ते नक्की सांगा. आधीच्या वेळेतले काही तुकडे हळूहळू परत येतात. अगदी शेवटची काही मिनिटं बहुधा येत नाहीत, कारण ती पक्की व्हायच्या आतच मार बसलेला असतो. त्याला आठवून बघ, आठवून बघ म्हणून छळू नका. ऐकलेल्या गोष्टीच आठवण म्हणून बसतात. आणि हेल्मेट. कृपया.

अबोली_

वस्तूंच्या ज्ञानाबद्दल कुणी लिहिलंच नाही! मी भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी आहे, आम्हाला वॉरिंग्टन तिथेच भेटतात. १९८४ चा वॉरिंग्टन-शॅलिस लेख: हर्पीसच्या मेंदूज्वरातून उठलेले चार रुग्ण. निर्जीव वस्तूंबद्दल विचारलं की छान व्याख्या करत. होकायंत्र काय, छत्री काय, नीट सांगत. प्राणी, वनस्पती, खाद्यपदार्थ आले की गाडी अडायची. पोपट म्हणजे काय? माहीत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी आणि मॅकार्थी यांनी बरोबर उलट लक्षणं असलेली रुग्ण नोंदवली होती, खाद्यपदार्थ-प्राणी बरे आणि वस्तू वाईट. त्यांचा अंदाज असा की प्राणी आपण दिसण्यावरून वेगळे ओळखतो आणि अवजारं उपयोगावरून, म्हणून नुकसान असं वाटून जातं.

१९९० च्या दशकात यावर टीका झाली, की प्राण्यांची चित्रं मुळातच कमी ओळखीची असतात आणि परिचय सारखा केला की फरक जातो. काही रुग्णांत गेलाही. पण उलट लक्षणांच्या रुग्णांचं काय करायचं, हे टीकाकारांना नीट सांगता आलं नाही असं माझं मत.

दवबिंदू

परिचयाचा मुद्दा आमच्या रोजच्या कामात फार बोचतो. जगभर वापरला जाणारा १९८० चा एक चित्रसंच आहे, २६० रेखाचित्रांचा. त्यात अ‍ॅस्परॅगस आहे, आर्टिचोक आहे, बर्फावरची घसरगाडी आहे. साताऱ्याकडच्या सत्तरीच्या आजींना अ‍ॅस्परॅगस ओळखता आला नाही तर त्यात पक्षाघाताचा काय संबंध? मी माझे फोटो काढून ठेवले आहेत: विळी, सूप, अडकित्ता, पाटा-वरवंटा, शेवगा, कारलं. वरच्या बादलीसारखे विचित्र कोनही घेतलेत. विळी समोरून बघितली तर चांगल्या माणसालाही पटकन कळत नाही, म्हणून ती बाद केली. आधी निरोगी माणसांवर तपासायला लागतंच.

पिंपळपान

दवबिंदू, एक विचारू का? माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी मेंदूज्वर झाला. जुनं सगळं आठवतं, पण नवीन काही टिकत नाही. नवा फोन घेतला, त्याचा चार आकडी पिन तिला शिकवतोय. रोज विचारतो, "आई, आठवतोय का? बघ बरं प्रयत्न करून." ती काहीतरी टाकते, चुकतं, मग मी सांगतो. महिने झाले, प्रगती शून्य. आणि गंमत म्हणजे ती रोज तोच चुकीचा आकडा टाकते.

दवबिंदू

पिंपळपान, ती रोज तोच चुकीचा आकडा टाकते यातच उत्तर आहे. तिरफळ यांनी लिहिलेला नकळत उमटणारा ठसा आईकडे शाबूत दिसतोय. पण तो ठसा बरोबर-चूक ओळखत नाही. तुम्हीआम्ही चुकलो की 'काल इथेच चुकलो होतो' हे आठवून दुरुस्त करतो. ते आठवणंच गेलं असेल तर जे हातून आधी झालं तेच पुन्हा होतं. १९९४ मध्ये बॅडली आणि विल्सन यांनी स्मृती गेलेल्यांना दोन तऱ्हांनी शब्द शिकवले. एकात अंदाज करू दिला, दुसऱ्यात चूक होऊच दिली नाही, आधीच उत्तर सांगितलं. दुसऱ्या तऱ्हेनं ते बरेच चांगले शिकले.

तेव्हा "आठवतोय का" विचारणं थांबवा. पिन बदला, म्हणजे जुना चुकीचा आकडा आड येणार नाही. नवा पिन मोठ्या अक्षरांत फोनच्या मागे चिकटवा आणि बघूनच टाकू द्या, दिवसातून अनेकदा. तो बोटांत बसला असं वाटलं की शेवटचा आकडा झाका. मग शेवटचे दोन. अडखळली की लगेच उघडा, अंदाज करू देऊ नका. असं मागून एकेक आकडा कमी करत जाण्याची पद्धत १९८६ पासून वापरात आहे, टोरोंटोच्या लोकांनी तिनं अशा रुग्णांना कॉम्प्युटरचे शब्द शिकवले होते.

पिंपळपान

पिन घरातलं कुणीही वाचेल ना पण?

दवबिंदू

वाचू दे. त्या फोनवर बँकेचं काही ठेवू नका म्हणजे झालं. आणि महिनाभर तुम्ही तिच्यासमोर फोन उघडून देऊ नका, तिच्याच बोटांनी होऊ दे.